बाजारभावाच्या रकान्यात बाजार कुठं आहे? महसूलमंत्र्यांना एका दस्तलेखकाचं खुलं पत्र

प्रति,
मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : पुण्याचा रेडीरेकनर (मालमत्तेच्या सरकारी दरांचा तक्ता), सप्टेंबरातली वाढ आणि डिसेंबरातली रांग

पुणे, २२ डिसेंबर २०२०

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

पुण्यात हवेलीच्या एका दुय्यम निबंधक कार्यालयासमोर माझं टेबल आहे. टेबल म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातला अर्धा कोपरा. एक लॅपटॉप, एक प्रिंटर, पंचिंग मशीन आणि चहाचे डाग पडलेली एक वही. बावीस वर्षं इथं बसून लोकांचे दस्त करतोय. तेलगी प्रकरणाच्या आधीचे स्टँपपेपर पाहिले, मग फ्रँकिंगच्या, म्हणजे यंत्रानं मुद्रांक छापून घेण्याच्या, रांगा पाहिल्या, आता ऑनलाइन चलन पाहतोय.

सध्या जेवायला सवड नाही. ३१ डिसेंबरच्या आत मुद्रांक शुल्कातले तीन टक्के वाचवायचे म्हणून अख्खं पुणे दारात उभं आहे. मास्क हनुवटीवर, एका हातात फाईल, दुसऱ्या हातात सॅनिटायझरची बाटली. मध्येच आतून कोणीतरी ‘सर्व्हर बसला’ म्हणून ओरडतं आणि रांगेतले सगळे एकदम खाली बसतात. ओळखदार म्हणून आणलेला मेव्हणा चहाला जातो आणि नेमका तेव्हाच नंबर पुकारला जातो. शुल्क भरून सह्या झाल्या की नोंदणीला पुढं चार महिने मिळतात, हे आपल्या खात्यानं सांगितलंय, मीही दिवसातून वीसदा सांगतो. पण माणसाला शिक्का बसलेला कागद हातात लागतो, त्याशिवाय त्याला झोप येत नाही.

तर हे पत्र पोट दुखतंय म्हणून लिहीत नाहीये. धंदा झकास चाललाय. ही गर्दी बघून घरांचा बाजार सावरला असं पेपरांत छापून येतंय, आणि ते वाचून मंत्रालयात कोणाला खरंच तसं वाटू नये, एवढ्यासाठी लिहितोय.

बाजार सावरला असता तर लोकांनी तारीख बघून घर घेतलं नसतं. सवलत संपते म्हणून दुकानात शिरणारं गिऱ्हाईक आणि गरज म्हणून येणारं गिऱ्हाईक यांतला फरक लक्ष्मी रोडवरच्या कोणत्याही साडीवाल्याला विचारा. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं उत्पन्न गेल्या वर्षीच्या मानानं २३.९ टक्क्यांनी घसरलं. पुढच्या तिमाहीत तसंच ७.५ टक्क्यांनी. माझ्यासमोर बसणाऱ्या दर तीन माणसांत एकाचा पगार कापलेला आहे. चाकणच्या कारखान्यांत ओव्हरटाइम बंद आहे, खासगी शाळेतल्या बाई जूनपासून अर्ध्या पगारावर ऑनलाइन शिकवताहेत, हिंजवडीच्या आयटी कंपनीतला मुलगा नोकरी आहे म्हणतो पण ‘बेंचवर’ (काम न देता बसवून ठेवलेला) हा शब्द हळूच उच्चारतो. अशा वर्षात लग्नाचा हॉल अर्ध्या भाड्यात मिळतो. घर तेवढं स्वस्त होत नाही. का होत नाही, याची पुष्कळ कारणं असतील. त्यातलं एक आपल्या खात्यात तयार होतं, आणि ते माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर मला रोज दिसतं.

१ सप्टेंबरपासून सरकारनं मुद्रांक शुल्कात तीन टक्के सवलत दिली. डिसेंबरपर्यंत तीन, पुढं मार्चपर्यंत दोन. उत्तम. आणि १२ सप्टेंबरला रेडीरेकनरचे नवे दर आले. दोन वर्षं हात न लावलेला तक्ता नेमका महामारीच्या वर्षात वर सरकला. राज्याची सरासरी वाढ १.७४ टक्के, आणि पुण्याची ३.९१, राज्यात सगळ्यांत जास्त. मुंबईत मात्र दर ०.६ टक्के खाली आले. म्हणजे हा आकडा खाली येऊ शकतो, त्याला तसा काही शाप नाही. पुण्यानं काय पाप केलं, एवढंच कळलं नाही. आपल्या नोंदणी महानिरीक्षकांचं मुख्य कार्यालयही पुण्यातच आहे. साहेबांच्या खिडकीतून हेच शहर दिसत असणार.

आता एक व्यवहार सांगतो. माणसांची ओळख पटू नये म्हणून तपशील जरा फिरवलेत आणि आकडे गोल केलेत, हिशेब मात्र जसाच्या तसा आहे.

सिंहगड रस्त्याच्या टोकाला बारा वर्षं जुन्या इमारतीतला टू बीएचके. मालक सहलींच्या धंद्यातला. मार्चपासून एक बस हललेली नाही. घराचे हप्ते थकले, मुलीचं कॉलेज, म्हातारी आई गावी. त्याला फ्लॅट विकून हप्त्यातून सुटायचं होतं. घेणारं जोडपं तिशीचं, नऊ वर्षं भाड्यानं राहिलेलं. भाव ठरला ३३ लाख. घासाघीस झाली, रुसवेफुगवे झाले, शेवटी दोघांनी हात मिळवले. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याच रकमेला बाजारभाव म्हणत असावेत.

मी मूल्यांकन काढलं. तक्त्याप्रमाणे ४० लाख.

शुल्क ४० लाखांवर भरावं लागणार, हे त्यांना ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं. मोबदला, म्हणजे ठरलेली किंमत, आणि सरकारी मूल्य यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला की आयकर खातं तो फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरतं. इथं फरक सात लाखांचा. म्हणजे ज्या माणसाचा पगार चौथाईनं कापलाय, त्याला यंदा सात लाखांची ‘कमाई’ झाली, आणि तिच्यावर दीड लाखाच्या वर कर. विकणाऱ्याचा भांडवली नफासुद्धा ३३ लाखांवर नाही, ४० लाखांवर मोजणार.

ती मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “काका, म्हणजे स्वस्तात घर घेतलं म्हणून दंड?”

दंड नाही गं, कर, असं मी म्हणालो. ऐकायला जरा बरं वाटतं.

मधला एजंट तयार माणूस. त्यानं लगेच तोडगा काढला. दस्तावर जास्त दाखवा, वरचे पैसे रोखीनं परत घ्या. बावीस वर्षांत मी काळा पैसा विकणाऱ्याकडे जाताना पाहिला होता, घेणाऱ्याकडे परत येताना पाहिला नव्हता. तोही दिवस आला. त्या दोघांनी नाही म्हटलं, आणि मीही अशा दस्ताला हात लावत नाही. मग मी कॅल्क्युलेटरवर उलटा हिशेब केला. ३६ लाख ४० हजारांवर दहा टक्के धरले की ४० लाखांच्या वर जातं. म्हणजे व्यवहार ३६ लाख ४० हजारांचा केला की कोणालाच काही लागत नाही. आणि तो तेवढ्याचाच झाला. विकणारा बिचारा ओशाळला. “वरच्या पैशांचं मी तरी काय करू? कपाटं, इन्व्हर्टर आणि देवघर सोडून जातो,” असं म्हणाला.

तीन लाख चाळीस हजार रुपये. मागितले कोणी नव्हते, द्यायची ऐपत नव्हती, तरी द्यावे लागले. सोनं तेजीत होतं म्हणून निभावलं; तिच्या पाटल्या आणि हार बँकेत गहाण पडले. आपल्या सवलतीमुळं त्यांचे वाचले ४० लाखांचे तीन टक्के, म्हणजे १ लाख २० हजार. आपल्या तक्त्यामुळं गेले ३ लाख ४० हजार. यातून कोणाची सोय झाली, याचा विचार मी घरी जाताना स्कूटरवर बराच वेळ केला.

आयकर दिल्लीचा विषय आहे, असं आपण म्हणाल. बरोबर. कलम दिल्लीचं आहे, पण आकडा पुण्याचा आहे. दिल्लीवाले स्वतः एकाही फ्लॅटची किंमत ठरवत नाहीत, राज्याचा मुद्रांक विभाग जी सांगेल तीच धरतात.

आणि दिल्लीला हे उमजलेलं आहे. जूनमध्ये केंद्रीय मंत्री पीयूष गोयल यांनी बिल्डरांना सुनावलं की जुन्या भावाची वाट बघत बसू नका, कमी किमतीत विकून मोकळे व्हा. बिल्डर म्हणाले, विकू कसे, सरकारी दराखाली विकलं तर कर लागतो. नोव्हेंबरात केंद्रानं ती दहा टक्क्यांची मोकळीक वीस टक्के केली. पण कोणासाठी? बिल्डरच्या पहिल्या विक्रीसाठी, दोन कोटींपर्यंतच्या घराला, पुढच्या जूनअखेरपर्यंत. माझ्या समोरचा सहलीवाला बिल्डर नव्हता. अडचणीत येऊन स्वतःचं राहतं घर विकणाऱ्याला दहाच टक्के.

मंदी मी आधीही पाहिली आहे. २००८-०९ मध्ये हिंजवडीची पोरं नोकरी गेल्याचं पत्र खिशात घालून बुकिंग रद्द करायला यायची. तेव्हाही बिल्डर भाव उतरवायला नाखूश होते, पण जुनं घर विकणारा आणि घेणारा काय ते आपसांत ठरवायचे. विकणाऱ्यावर सरकारी मूल्याचा फास तेव्हाही होता, पण २०१३ साली बिल्डर आणि घेणारा हे दोघंही त्यात आले. हेतू चांगला होता, रोखीचे व्यवहार थांबवायचे होते. (थांबले का? टेबलावर बसून जे कानावर पडतं त्यावरून मी काही बोलत नाही.) मात्र भाव चढत असताना बनवलेला हा कायदा भाव पडताना काय करतो, हे कोणी पाहिलेलं नव्हतं. ते आपण सगळे यंदा पाहतोय.

नव्या स्कीमची तऱ्हा आणखी निराळी. तिथं दस्तावर भाव कधीच उतरत नाही. रावेत, वाघोली, आंबेगाव, कुठल्याही साइटवर जा, सेल्सची मुलगी रेटबद्दल चकार शब्द काढणार नाही. स्टँप ड्युटी आमच्याकडून, मॉड्युलर किचन फ्री, दोन एसी फ्री, पझेशनपर्यंत हप्ता नाही. ६० लाखांच्या घरावर हे सगळं मिळून चार-पाच लाख होतात, पण करारनाम्यात ६० लाखच राहतात. का? तर आधी बुकिंग केलेले शंभर जण उद्या दारात येतील, बँकेकडं तारण ठेवलेल्या न विकलेल्या फ्लॅटचं मूल्य उतरेल, आणि वर तो दहा-वीस टक्क्यांचा फास आहेच. कर्ज मात्र ६० लाखांच्या हिशेबानं निघतं. व्याज सात टक्क्यांच्या खाली आलंय म्हणून सगळे खूश आहेत. त्या फुकटच्या किचनच्या ट्रॉल्या पाच वर्षांत गंजतील आणि त्यांचं व्याज पुढची पंधरा वर्षं चालू राहील, हे मी कोणाला सांगत नाही. शुभकार्याच्या दिवशी असलं बोलू नये.

आता हा तक्ता बनतो कसा? नगररचना विभागाची मूल्यांकन शाखा नोंदलेल्या दस्तांमधले आकडे बघते, इतर चौकशी करते आणि दर ठरवते. कागदावर अगदी रास्त वाटतं. पण दस्तात आकडा येतो कुठून? माझ्यासमोर बसलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, “सरकारी रेट काय निघतो?” आणि तो कळला की दस्तातला मोबदला त्याच्या आसपास बेतला जातो. वर सांगितलेल्या जोडप्याचा ३६ लाख ४० हजारांचा दस्त उद्या आपल्या माहितीत जाईल. पुढच्या वर्षी कोणी अधिकारी तो बघून म्हणेल, बघा, या विभागात भाव तक्त्याच्या जवळपासच आहे, कमी करायचं कारण नाही. तिथं ३३ लाख कुठंच लिहिलेले नाहीत. तक्ता बघून दस्त आणि दस्त बघून तक्ता, आरशासमोर आरसा ठेवावा तसं हे चाललंय.

आणि एका मूल्यविभागात, म्हणजे तक्त्यात एकच दर असलेल्या भागात, सगळी घरं सारखी धरतात, त्याचं काय करायचं? जुन्या इमारतीला घसारा मिळतो, वरच्या मजल्याला जादा लागतं, एवढं तक्त्याला कळतं. नाल्याकाठची भिंत कळत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढा लोकांच्या घरांत शिरला, माणसं गेली. त्यानंतर ओढ्याला लागून असलेला तळमजला विकायला निघालेल्या माणसानं माझ्याकडं मूल्यांकन काढलं. पाण्याची खूण भिंतीवर अजून दिसत होती, मोबाइलवर फोटो दाखवला त्यानं. मूल्यांकनात ती खूण टाकायला रकाना नव्हता.

मुद्रांक कायद्याचं कलम ३१ आहे ना, अभिनिर्णयाला अर्ज करा, मुद्रांक जिल्हाधिकारी खरं मूल्य ठरवून देतील, असं आपले अधिकारी सांगतात. आहे, आणि मी तसे अर्ज केलेही आहेत. पण त्याला लागणारा वेळ हा या डिसेंबरात परवडणारा माल नाही. त्या जोडप्यानं अर्ज केला असता तर निकालाची वाट बघण्यात ३१ डिसेंबर टळली असती, आणि सहलीवाल्याचे आणखी दोन हप्ते थकले असते.

नुसतं ‘रेडीरेकनर कमी करा’ अशी आरोळी मी ठोकणार नाही, कारण त्याची दुसरी बाजूही याच टेबलावर येऊन बसते. रिंगरोडला जमीन जाणार म्हणून हवेली-मुळशीतले शेतकरी चौकशीला येतात. त्यांच्या मोबदल्याच्या हिशेबात हाच तक्ता धरतात. तो उतरला की त्यांच्या पोटावर पाय. उलट बिल्डरला तो उतरलेला हवा, कारण वाढीव एफएसआयचा, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीचा, प्रीमियम त्यावर बसतो. तो प्रीमियमच निम्मा करण्याची चर्चा मुंबईत चालू आहे, असं ऐकतो. बिल्डरांचं शिष्टमंडळ भेटायला येऊ शकतं, शेतकऱ्यांचा मोर्चा येऊ शकतो. जुना फ्लॅट विकणारा आणि तो घेणारा यांची संघटना नाही. ते फक्त माझ्यासमोर प्लास्टिकच्या दोन खुर्च्यांवर बसतात, तेही एकदाच.

एकाच आकड्यावर इतकी ओझी टाकली की तो हलेनासा होतो, हे समजतं मला. तरी शेतजमिनीचा तक्ता वेगळा आणि फ्लॅटचा वेगळा, हे आजही आहेच. फ्लॅटचा उतरवला तर शेतकऱ्याचं काही जात नाही. महसूल बुडेल ही भीती असेल तर तीन टक्के सोडताना ती कुठं गेली होती? सोडलेल्या तीन टक्क्यांनी भाव आहे तिथंच टिकायला मदत झाली. तक्ता खाली आणला असता तर भावाला खाली यायला वाट मिळाली असती. बिल्डरांना यातलं पहिलं का आवडलं, हे सांगायला दस्तलेखक कशाला हवा?

माझी मागणी लहान आहे, आणि तिला नवा कायदाही लागत नाही. इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्यावर, दोन रकाने शेजारी-शेजारी असतात. दुसरा ‘मोबदला’, तिसरा ‘बाजारभाव’. दोन्ही आकडे आपल्या संगणकात दस्तागणिक पडून आहेत. दर तीन महिन्यांनी प्रत्येक मूल्यविभागात किती दस्तांमध्ये दुसरा आकडा तिसऱ्याहून कमी होता आणि कितीनं, एवढं जाहीर करा. ३६ लाख ४० हजारांसारखे दस्त तर आपोआप उघडे पडतील, कारण बरोब्बर दहा टक्क्यांच्या काठावर ढीगच्या ढीग दस्त दिसतील. माणसं खऱ्या भावाला सौदा करत असतील तर ती सगळी नेमकी एकाच काठावर कशी येऊन थांबतात, हे कोणाही हुशार अधिकाऱ्याच्या ध्यानात येईल. जिथं असा ढीग दिसेल तिथला फ्लॅटचा दर १ एप्रिलच्या नव्या तक्त्यात खाली आणा. आणि मंदी आहे तोवर राहत्या घराच्या अभिनिर्णयाचा अर्ज पंधरा दिवसांत निकाली काढा, त्यासाठी आणखी दोन माणसं बसवा. सुट्टीच्या दिवशी बसवलीत तर चहा माझ्याकडून.

परवा त्या जोडप्याचा दस्त नोंदला गेला. संध्याकाळी दोघं पेढे घेऊन आले. मी इंडेक्स टूची प्रिंट काढून दिली. तिनं बोट ठेवून एकेक ओळ वाचली, नावं तपासली, चटईक्षेत्र तपासलं. तिसऱ्या रकान्यावर थांबली.

“काका, इथं बाजारभाव ४० लाख लिहिलंय. या भावाला घेणारा कोणी असेल तर सांगा ना. आत्ताच्या आत्ता विकते.”

नवरा हसला, मीही हसलो. आपल्या माहितीत असं कोणी असेल तर जरूर कळवावं, फ्लॅट अजून रिकामाच आहे, सामान रविवारी हलणार आहे.

आपला नम्र,
एक दस्तलेखक,
तालुका हवेली, जिल्हा पुणे